अर्धवेळ नोकरी, पूर्णवेळ आजार

आजार माणसाचा हुद्दा विचारून येत नाही. कायम नोकरीवाल्याला ताप येतो तसाच तासिकेवर शिकवणाऱ्यालाही येतो. फरक पडतो तो त्यानंतर. कायम नोकरीवाला रजेचा अर्ज लिहितो आणि दवाखान्याची वाट धरतो. तासिकेवाला आधी हिशेब मांडतो, की आज किती तास बुडणार, किती पैसे जाणार. आणि मग घरात तापाची गोळी शिल्लक आहे का ते पाहतो.

आम्ही हे तासिकेवाले. नागपूरच्या उत्तरेकडच्या एका वस्तीत राहतो आणि शहराबाहेरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सेट झाली, पीएच.डी. झाली, वयाची सेहेचाळीस वर्षे झाली. पण नेमणुकीचे पत्र अजून दरवर्षी नवे मिळते. जितके तास तितके मानधन. उन्हाळ्यात महाविद्यालय बंद, म्हणजे मानधनही बंद. समाजात लोक ‘प्राध्यापक साहेब’ म्हणतात, लग्नपत्रिकेत नावापुढे ‘प्रा. डॉ.’ छापतात. त्या ‘प्रा. डॉ.’ला उद्या ऍपेंडिक्सचे दुखणे निघाले तर पैसे कोठून येणार, हा प्रश्न मात्र पत्रिकेत छापून येत नाही.

आमच्या घरी विम्याचा विषय निघाला तो २०२४ च्या पावसाळ्यात. आमच्याच महाविद्यालयातल्या, आमच्यासारख्याच एका सहकाऱ्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट घसरल्या, घरच्यांनी जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. अकरा दिवसांत बिल अडीच लाखांच्या घरात गेले. मग आपल्याकडे जे होते तेच झाले. वर्गणीची वही निघाली.

ही वही आपल्या वस्त्यांना चांगली ओळखीची आहे. जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाची वर्गणी, मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे म्हणून वर्गणी, आणि दवाखान्याची वर्गणी. खरे म्हणजे आपल्या समाजाचा पहिला आरोग्य विमा ही वहीच आहे. तिच्यात फॉर्म नाही, वयाची अट नाही, पूर्वीच्या आजाराची चौकशी नाही. मोलकरणीचे पन्नास आणि बँक अधिकाऱ्याचे पाच हजार एकाच पानावर असतात. त्या वहीचा आम्हाला अभिमान आहे. पण तिची मर्यादाही आम्ही पाहिली आहे. ज्याची ओळख मोठी त्याच्यासाठी वही लवकर भरते. जो कोपऱ्यात राहतो, ज्याची सभासंमेलनात ऊठबस नाही, त्याच्यासाठी पाने कोरी राहतात. आणि एकाच घरात दुसऱ्यांदा आजारपण आले की देणाऱ्याचा हात आखडतो. त्यात त्याचाही दोष नाही. त्याच्याही घरी चूल आहे. आमच्या सहकाऱ्यासाठी सत्त्याऐंशी हजार जमले. उरलेल्यासाठी बायकोचे दागिने गेले.

नंतर कळले ते अधिक चटका लावणारे होते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशन कार्डधारकांना लागू झाली होती. पांढरे कार्ड असले तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. पण ही योजना आपल्यालाही आहे हे या पीएच.डी. झालेल्या माणसाला ठाऊक नव्हते. ‘ती गरिबांची योजना’ एवढीच त्याची समजूत. ते रुग्णालय योजनेत आहे का, आपला उपचार यादीत बसतो का, हे कोणी विचारलेसुद्धा नाही. आम्हीही नाही. आम्ही वही घेऊन फिरत होतो.

त्या दिवशी ठरवले की आता आपल्या घरापुरता तरी विमा घ्यायचा. आणि मग २०२५ च्या मे महिन्यात आम्ही बाजारात उतरलो. बाजारात उतरल्यावर जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

त्याआधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. तो आमचा विषय आहे म्हणून नव्हे, तर आपण बाजारात का उभे आहोत हे त्याशिवाय कळत नाही म्हणून.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्याच पायावर पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आज तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण योजना चालू आहे.

या योजनेचे तत्त्व साधे आहे आणि म्हणूनच ते मोठे आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणात द्यायची आणि उपचार गरजेच्या प्रमाणात घ्यायचे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. महिना बारा हजार मिळवणाऱ्याच्या खिशातून नव्वद रुपये जातात, मालक तीनशे नव्वद भरतो. तेवढ्यावर त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. उपचारखर्चाला ठरावीक रकमेचे कुंपण नाही. ‘तुला आधीपासून मधुमेह आहे का?’ असे विचारून दारातून परत पाठवले जात नाही. उलट, आजारपणात कामावर जाता आले नाही तर ठरावीक दिवस भरलेल्या कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे औषधाचाही विचार आणि चुलीचाही विचार. रुग्णालयातली गर्दी, औषधांचा तुटवडा, कर्मचाऱ्यांची वागणूक यांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण तत्त्व चुकीचे नाही, अंमल चुकीचा आहे.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि २००० सालापासून खाजगी कंपन्यांना विम्याचे दार उघडले. या दुकानातले तत्त्व बरोबर उलटे आहे. येथे हप्ता पगारावर ठरत नाही, वयावर आणि आजारावर ठरतो. जितके वय अधिक, जितके शरीर थकलेले, तितका हप्ता मोठा. महिना दोन लाख मिळवणारा आणि महिना पंधरा हजार मिळवणारा एकाच वयाचे असतील तर दोघांना एकच दर. याला कोणी समता म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.

आता या दोन्हींच्या मध्ये अर्धवेळ काम करणारा माणूस कोठे उभा आहे ते पाहा. आमचे साडू रेल्वेत आहेत. त्यांच्यासाठी रेल्वेचे रुग्णालय आहे, निवृत्तीनंतरही सोय आहे. त्यांनी आयुष्यात विम्याचा फॉर्म पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतल्या मावशी पाच घरी धुणीभांडी करतात. सकाळी सहा ते दुपारी तीन त्या कामावर असतात. त्यांचे काम कोणत्या मापाने अर्धवेळ? पण प्रत्येक घर म्हणते, आमच्याकडे तर तासभरच येतात. पाच घरांचे मिळून पूर्णवेळ काम होते, पण पाच घरांचा मिळून एक मालक होत नाही. २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला; पण आजारी पडल्यावर मावशी कल्याण मंडळाकडे जात नाहीत, मेडिकलच्या रांगेत जातात. म्हणजे आपल्या देशात आरोग्याची हमी माणसाला नाही, कायम नोकरीला चिकटलेली आहे. नोकरी तुकड्यातुकड्यांची झाली की हमी गळून पडते. आणि तुकड्यांची नोकरी कोणाच्या वाट्याला जास्त येते, हे या दैनिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

तेव्हा बाजारात जाण्याआधी पहिले काम हे, की आपल्या हक्काचे काही आधीच आहे का ते पाहावे. दुकानात, हॉटेलात, खाजगी शाळेत, दवाखान्यात, सफाईच्या ठेक्यावर काम करणाऱ्यांनी आपल्या पगाराची पावती पाहावी. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना कामगार विमा योजना लागू होते आणि २०१७ साली ठरलेली पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. कामगार कायम की हंगामी, मालकाचा की ठेकेदाराचा, यावरून त्याला वगळता येत नाही. १९७८ साली हैदराबादच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहातली आणि सायकल स्टँडवरची माणसेसुद्धा या कायद्याखाली चित्रपटगृहाची कर्मचारी ठरवली होती. ‘तू तर अर्धा दिवसच येतोस’ हे मालकाचे उत्तर म्हणून निमूटपणे मान्य करू नये. आपल्या नावाचा विमा क्रमांक आहे का, वर्गणी भरली जाते का, हे विचारावे. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असेही घडते.

दुसरे, फुले योजना. रेशन कार्ड आणि आधार कार्ड यांवरची नावे जुळतात का ते आज पाहावे. रुग्णवाहिका दारात आल्यावर नव्हे. घरापासून जवळची, योजनेतली रुग्णालये कोणती ते लिहून भिंतीवर लावावे. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठावे. १५५३८८ या क्रमांकावर चौकशी होते. घरात सत्तरी पार केलेले आईवडील असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. त्यांचे कार्ड काढून ठेवावे.

मग विमा विकत घ्यायचाच कशाला, असे कोणी विचारेल. आम्हीही स्वतःला विचारले. उत्तर असे, की सरकारी योजनेत उपचारांची यादी आहे. यादीत बसले तर ठीक. रुग्णालयही योजनेतले हवे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर जवळचे रुग्णालय योजनेतले असेलच असे नाही. या मधल्या फटीसाठी लोक पॉलिसी घेतात. आम्हीही त्याच फटीसाठी निघालो.

आमच्याकडे आलेला एजंट आमचाच जुना विद्यार्थी निघाला. बी.ए.ला इतिहास घेऊन चांगल्या गुणांनी पास झालेला मुलगा. ‘सर, तुमच्यासाठी एकदम चांगली पॉलिसी आणली आहे’ म्हणत त्याने पाच कंपन्यांची चकचकीत पत्रके चटईवर मांडली. प्रत्येकावर हसरे कुटुंब. त्या कुटुंबात कोणी दमलेले दिसत नव्हते.

आम्ही दोघे आणि दोन मुले, पाच लाखांचे संरक्षण, वर्षाचा हप्ता बावीस हजार. वर १८ टक्के कर, म्हणजे ३,९६०. एकूण २५,९६० रुपये. आम्ही आकडा ऐकून गप्प झालो. सहचारिणी एका बालवाडीत अर्धवेळ आहेत. त्यांचे चार महिन्यांचे मानधनही तेवढे होत नाही. ‘सर, आयकरात सूट मिळते की,’ विद्यार्थी म्हणाला. आयकर भरण्याइतके उत्पन्न असते तर, बाबा, आम्ही एवढा विचार केला असता का? सवलत त्याला, ज्याच्याकडे आधीच आहे.

मग त्याने फॉर्म काढला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. वय, वजन, उंची, तंबाखू. पुढे आला तो प्रश्न : पूर्वीचा काही आजार? सहचारिणींना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. विद्यार्थ्याने पेन थांबवला, आवाज खाली केला. ‘सर, इथे ‘नाही’ लिहितो. सगळे तसेच करतात. ‘हो’ लिहिले तर हप्ता वाढेल, कंपनी नाकारेलही.’

आम्ही विचारात पडलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पंचवीस हजार जमवणे कठीण, त्यात वाढ झाली तर विषयच संपला. एका अक्षराचा प्रश्न होता. उत्तर सहचारिणींनी दिले. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अरे बाळा, जे आहे ते लिही. रोज सकाळी गोळी खाते मी, चोरी नाही करत.’

त्या बोलल्या ते नीतीच्या दृष्टीने बरोबर होतेच, व्यवहारानेही बरोबर होते, हे नंतर नियम वाचल्यावर कळले. आजार लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे नुसती पावती. दावा दाखल झाला की कंपनी जुने कागद मागवते. डॉक्टरने केसपेपरवर ‘सहा वर्षांपासून मधुमेह’ एवढे लिहिले की दावा नाकारायला तेवढे पुरते; पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली तर त्यानंतर कंपनीला माहिती दडवल्याचे कारण देता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. ही मुदत २०२४ पूर्वी आठ वर्षांची होती. पण पाच वर्षे आजारी न पडण्याची हमी कोण देणार? उलट, आजार लिहून घेतलेल्या पॉलिसीत त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते; त्यानंतर तो आजारही संरक्षणात येतो. तेव्हा वाचकहो, एजंट कितीही जवळचा असो, फॉर्म स्वतः वाचावा, स्वतः भरावा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत घरी ठेवावी. सही आपली असते, एजंटची नसते.

त्या मुलाला आम्ही विचारले, ‘तुझी स्वतःची कोणती पॉलिसी आहे?’ तो हसला. ‘माझे कुठे सर! कमिशनवर काम आहे. महिन्याला चार पॉलिसी निघाल्या तर घरभाडे निघते.’ आम्हाला त्याच्यावर रागवता येईना. तो आमच्यासारखाच. तासिकेवर नाही, कमिशनवर.

पुढचे चार महिने आम्ही पत्रके वाचण्यात घालवले. पाली-प्राकृताचे अभिलेख त्या मानाने सोपे. त्यातून तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. विमा नियामक संस्थेने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी विकायला लावली. अटी सारख्या, हप्ता मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे तुलना करायला ती सोपी पडते. तिच्यात खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला पाच हजारांपेक्षा जास्त नाही. दोन लाखांचा विमा असेल तर दिवसाला चार हजार. समजा आपण आठ हजारांच्या खोलीत पाच दिवस राहिलो आणि बिल झाले एक लाख वीस हजार : खोलीचे चाळीस हजार, डॉक्टर-शस्त्रक्रियेचे पन्नास हजार, औषधांचे तीस हजार. आपल्याला वाटते, दोन लाखांचा विमा आहे, सगळे मिळेल. तसे नाही. खोली दुप्पट महागाची घेतली म्हणून खोलीचे निम्मे मिळणार. आणि खोलीनुसार जेथे बाकीचे दर बदलतात तेथे डॉक्टर-शस्त्रक्रियेचेही निम्मेच मिळणार. औषधांचे पूर्ण. म्हणजे वीस, पंचवीस आणि तीस मिळून पंचाहत्तर हजार. त्यातून पाच टक्के आपला वाटा वजा जाऊन हाती ७१,२५० रुपये. उरलेले ४८,७५० आपण भरायचे. वर्गणीची वही पुन्हा निघाली म्हणून समजा. तेव्हा भरती होताना ‘कोणती खोली चालेल?’ हे बिलाच्या खिडकीवर आधी विचारावे. नातेवाईक ‘चांगली खोली घ्या’ म्हणतील; बिल नातेवाईक भरणार नाहीत.

दुसरी गोष्ट, थांबण्याच्या मुदती. अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे अशा ठरावीक दुखण्यांसाठी पॉलिसीप्रमाणे वेगळी मुदत असते. ज्याला पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया सांगितली आहे त्याने आज पॉलिसी घेऊन उपयोग नाही. त्याने फुले योजनेकडे किंवा सरकारी रुग्णालयाकडे जावे.

तिसरी गोष्ट कोणत्याही पत्रकात नव्हती, ती आम्हाला आमच्या पोटाने शिकवली. पॉलिसी ज्या महिन्यात घ्याल त्याच महिन्यात दरवर्षी हप्ता येणार. मे महिन्यात घेतली असती तर दरवर्षी मे महिन्यातच, म्हणजे मानधन बंद असताना, एकरकमी पैसे उभे करावे लागले असते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची. ती मुदत टळली की पॉलिसी तुटते आणि थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. कायम पगारवाल्याच्या ध्यानातही न येणारी ही बाब अर्धवेळवाल्याच्या पॉलिसीचा जीव घेते. म्हणून आपल्या हातात पैसा कोणत्या महिन्यात असतो ते पाहून तारीख निवडावी, किंवा झेपत असेल तर मासिक हप्ता घ्यावा.

दरम्यान एक बरी गोष्ट घडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर काढून टाकण्यात आला. आठ वर्षे सरकार आजाराच्या भीतीवर १८ टक्के घेत होते, ते थांबले. ऑक्टोबरात, पेपर तपासणीचे पैसे हातात आल्यावर, आम्ही पॉलिसी घेतली. पाच लाखांची नव्हे, तीन लाखांची. मधुमेह लिहून. त्यासाठी हप्ता थोडा वाढवूनच लावला. कागद हाती आल्यावर पसंत न पडल्यास परत करण्यासाठी तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत आम्ही प्रत्येक पान वाचले. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. हेही पॉलिसीच्या कागदातच छापलेले असते, शेवटच्या पानावर.

म्हणजे आमचे काम झाले का? आमच्या घरापुरते थोडे झाले. पण गल्लीतल्या मावशींचे काय? त्यांना आम्ही ‘पॉलिसी घ्या’ असे सांगू शकतो का? त्यांच्या वयाला आणि त्यांच्या रक्तदाबाला कंपनी जो हप्ता सांगेल तो त्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढा असेल. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. हा खिसा मावशींचा आहे. शिवाय पॉलिसी मुख्यतः भरती झाल्यावरच बोलते. रोजची मधुमेहाची गोळी, महिन्याची तपासणी, बुडालेली मजुरी यांच्याशी तिला देणेघेणे नाही.

येथे पुन्हा बाबासाहेबांकडे यावे लागते. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी विमा ही केवळ राज्याची मक्तेदारी असावी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. ती आयुर्विम्याविषयी होती. पण त्यामागचा विचार आरोग्यालाही लागू पडतो. सर्वांना सक्ती, म्हणजे निरोगी आणि रोगी, श्रीमंत आणि गरीब एकाच वहीत. वेतनाच्या प्रमाणात, म्हणजे ज्याची जेवढी ऐपत. आणि राज्याचे, म्हणजे नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. आपल्या वस्तीची वर्गणीची वही कायद्यात बसवली, तिच्यातला ओळखीपाळखीचा दोष काढून टाकला, की जे तयार होते ते हेच. कामगार विमा योजनेने ते कारखान्यांच्या कामगारांसाठी करून दाखवले. प्रश्न एवढाच आहे, की कारखान्याबाहेरच्या, तासावर, घरांवर, कमिशनवर जगणाऱ्यांना त्या वहीत कधी घेणार?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. तासिकेवरच्या शिक्षकांना, घरकामगारांना, कमिशनवरच्या आणि खेपांवरच्या माणसांना कामगार विमा योजनेत घ्या. मालक अनेक असतील तर प्रत्येकाकडून तासांच्या प्रमाणात वाटा घ्या. मालक सापडत नसेल तर तो वाटा शासनाने भरावा. आणि मेडिकल-मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांतली रिकामी पदे भरा. रुग्णालयच नसेल तर कार्ड दाखवायचे कोणाला?

मागणी मान्य होईपर्यंत मात्र हातावर हात ठेवून चालणार नाही. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आता आम्ही एक टेबल लावतो. तो विद्यार्थी येतो, बालवाडीच्या बाई येतात, आम्ही असतो. पॉलिसी विकत नाही. रेशन कार्ड आणि आधार जुळवून पाहतो, सत्तरीच्या वरच्यांची कार्डे काढतो, ज्याच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात त्याचा विमा क्रमांक तपासतो, आणि ज्याने पॉलिसी घेतली असेल त्याला शेवटचे पान वाचून दाखवतो. पहिल्या रविवारी सातजण आले. मावशी त्यांत होत्या. त्यांच्या रेशन कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरे निघाले. ते दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे ताप आल्यावर मिळाले नसते.

ज्या विहारात, ज्या समाजमंदिरात हे टेबल अजून लागलेले नाही, तेथील कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी ते लावावे. लागते काय? एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वर्गणीच्या वहीसारखीच एक वही. फक्त या वहीत पैसे लिहायचे नाहीत. कोणाचे कोणते कार्ड निघायचे राहिले आहे तेवढे लिहायचे.